हिऱ्याला नाव आहे, खोदणाऱ्याला नाही!

कोहिनूर परत आणा, ही मागणी अधूनमधून होते. 1849 साली इंग्रजांनी अवघ्या दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तो हिरा घेतला, ती लूटच होती. पण त्याआधी खाणीत जे चालले, त्याला आम्ही काय म्हणायचे?

कृष्णेच्या काठी कोल्लूरची खाण गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत होती. सतराव्या शतकात तिथे गेलेला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये लिहितो की, 60,000 माणसे राबत होती. पुरुष खोदत, बाया-पोरे माती वाहत. आदिलशाहीतल्या रावलकोंडा खाणीवर तर मजुराला वर्षाला 3 होन मिळत. हिरा कोणी लपवू नये म्हणून 50 मजुरांवर 12 ते 15 पहारेकरी! आणि राजा प्रत्येक खरेदीवर शेकडा 2 घेई.

कोल्लूरचाच 410 कॅरेटचा एक हिरा मद्रासचा गव्हर्नर थॉमस पिट याने विकत घेतला. 1717 मध्ये तो फ्रान्सच्या राजघराण्याकडे गेला, 1722 मध्ये पंधराव्या लुईच्या मुकुटात बसला. आधी ‘पिट’, मग ‘रीजंट’ असे त्याचे नाव पडले. तो एका गुलामाने पायाच्या जखमेत लपवून आणला आणि त्यासाठी त्याचा खून झाला, अशी कथा सांगतात. कथेतही त्या गुलामाला नाव नाही!

मित्रांनो, हिरा जरूर परत मागा. पण राजे लुटले गेले एवढाच इतिहास शिकू नका. त्या राजांचे मुकुट कोणाच्या घामावर चमकले, हा प्रश्न आधी विचारा.