मावळातलं टाचण

पंतोजीला पाठाचं टाचण लागत नसे. धूळपाटीवर ओनामा, मग बाराखडी, मोडीचं वळण, पाढे आणि त्यामागून पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी. क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. मुलाला आलं तर पुढे, नाही आलं तर छडी. आपलंच शिकवणं कुठे कमी पडत असेल, ही शंका त्या पेशात बसतच नव्हती. एक हातोटी मात्र त्याच्याकडे होती. लहानमोठी सगळी पोरं एकाच पडवीत बसवायची आणि थोरल्याकडून धाकट्याची उजळणी करून घ्यायची. दक्षिणेतल्या देशी शाळांचं असंच काही पाहून अँड्र्यू बेलने मद्रासच्या अनाथाश्रमात प्रयोग केला, १७९७ साली लंडनला त्यावर पुस्तिका छापली, आणि पुढे इंग्लंडात ही रीत मॉनिटर पद्धत म्हणून गाजली. पडवीतल्या पंतोजीला याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

१८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखातं आलं आणि मास्तराच्या कामावर शेरा मारणारा माणूस जन्माला आला. तो डेप्युटी इन्स्पेक्टर, गावकऱ्यांच्या तोंडी ‘दिपोटी’. तो येणार म्हणजे शाळा सारवायची, हुशार पोरं पुढे बसवायची. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी या तपासणीतली मेख बरोबर पकडली होती. वर्षातून एकदा येऊन काही साधत नाही. तिमाहीला तरी या, आणि अधूनमधून न कळवता या, असं त्यांचं म्हणणं. शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा, नांगराची मूठ धरायला न लाजणारा असू द्या आणि त्याला दरमहा १२ रुपयांहून कमी देऊ नका, हेही त्यांनी सांगितलं. ‘चांगला शिक्षक’ म्हणजे काय, याची इतकी रोखठोक व्याख्या त्यानंतरच्या अहवालांत क्वचितच सापडते.

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात याच काळात मास्तर घडत होते. कृष्णशास्त्री चिपळूणकर तिथले प्रमुख होते. शिक्षकांसाठी निघणारं ‘शालापत्रक’ त्यांनी चालवलं, पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी. विष्णुशास्त्र्यांची लेखणी सरकारला झेपली नाही आणि १८७५ साली ते बंद झालं. शिक्षकाने आपल्या पेशाबद्दल वाचावं, विचार करावा, यासाठीची एक जागा गेली.

भोरचा मामला जरा निराळा. भोर आणि वेल्ह्याचा मोठा भाग पंतसचिवांच्या संस्थानात होता. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ हे त्याचे पाच तालुके. प्रचंडगड म्हणजे तोरणा. पावसाळ्यात ओढे चढले की इथल्या वाड्यांवर पोचणं हीच परीक्षा, मग तपासणी कुणाची आणि शेरा कसला! संस्थानी मुलखातल्या एकट्या मास्तराचं जिणं कसं असे, हे कळायला १९५५ साली आलेली व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी पुरेशी आहे. ती औंध संस्थानातली, पण धनगरांची वस्ती, एकशिक्षकी शाळा आणि शिकवण्याहून जास्त गावाची कामं, हे चित्र वेल्ह्यालाही परकं नाही.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान विलीन झालं. १ मे १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या आणि कागद वाढला. अध्यापक विद्यालयातून बाहेर पडणारे गुरुजी शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, पाठ करून येत. खुद्द हर्बार्टच्या चार पायऱ्या होत्या, पाचवी शिष्यांनी घातली. सराव पाठाला मागच्या बाकावर सहाध्यायी निरीक्षणवही घेऊन बसत आणि तास संपला की फळ्यावरच्या अक्षरापासून प्रश्नांच्या रचनेपर्यंत सगळं काढत. नोकरी लागली की मागचं बाक रिकामं झालं. उरलं ते दैनिक टाचण: तारीख, इयत्ता, घटक, उद्दिष्ट, साहित्य, मूल्यमापन आणि शेवटी ‘शेरा’चा चिंचोळा रकाना. बहुतेकदा तिथे ‘घटक पूर्ण’ एवढंच असतं. कुणाला कळलं नाही आणि का, हे लिहायला त्या रकान्यात जागाच नाही.

१९९४ साली राज्यात शाळांची ४,८६० केंद्रं झाली आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत शेजारपाजारच्या शाळांचे गुरुजी-बाई एकत्र बसू लागले. कल्पना नामी होती. पण माहितीचे तक्ते आणि परिपत्रकं यांनी तो दिवस अनेकदा खाऊन टाकला. ऑगस्ट २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची ठरली. लवकरच बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळू लागली. वरून मागितलेलं आत्मपरीक्षण असंच नकललं जातं.

खरी फेरतपासणी अनेक इयत्ता एकत्र बसणाऱ्या जोडवर्गात होते, कारण तिथे चूक लपत नाही. पहिली-दुसरीला जमिनीवरच्या अक्षरांवर बसवून बाई तिसरी-चौथीचा भागाकार घेतात. दहा मिनिटांत मागे गलका झाला, तर दिलेलं काम फार सोपं होतं किंवा फारच अवघड. दुसऱ्या दिवशी चौथीची एक मुलगी पहिलीच्या घोळक्यात बसवली जाते. पंतोजीच्या पडवीतलीच युक्ती, फक्त छडी वगळून. टाचणात याची नोंद नसते.

सप्टेंबर २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव राज्याने मागवले. त्यात नमुना म्हणून दोन नावं होती, नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि वेल्ह्यातलं पानशेत. शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी हरकत घेतली. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी आणि घाटमाथ्याच्या पावसात गाडीचा काय भरवसा, हा त्यांचा मुद्दा. समूह शाळेच्या बाजूने बोलणारे म्हणतात की तिथे इयत्तेगणिक शिक्षक मिळतो, खेळायला पुरेशी मुलं असतात, आणि चार इयत्ता एका खोलीत सांभाळण्याची पाळी कुणावर येत नाही.