जुनी मोटार आणि मोठे एंजिन

इंदूर आणि मोटारगाडी यांचा स्नेह जुना आहे. होळकर संस्थानचे अखेरचे अधिपती यशवंतराव महाराज (दुसरे) यांच्या संग्रहात १९३०च्या दशकातील अमेरिकन ड्यूसेनबर्ग मोटार होती. तिचे एंजिन जवळजवळ ७ लिटरचे आणि शक्ती सुमारे ३२० अश्वशक्ती. राजाला जेवढी गती हवी तेवढे मोठे एंजिन तो मागवू शके. सामान्य गृहस्थाला मात्र आहे त्याच गाडीत शक्ती कशी वाढवावी, हा विचार करावा लागे. या विचाराचाही एक इतिहास आहे, आणि त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण इंदूरच्या शेजारीच घडले.

स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे भारतीय कुटुंबापुढे तीनच मोटारींची निवड होती : उत्तरपाड्याची हिंदुस्थान, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे एकदा दारी आलेली गाडी पुढील पिढीच्या हाती जाई. एंजिन झिजले तर गाडी मोडीत काढण्याचा विचार कोणाच्या मनात येत नसे. अंगणातील झाडाच्या भक्कम फांदीला साखळीची कप्पी बांधावी, एंजिन उचलून बाहेर काढावे, आणि मिस्तरीच्या हातून दुरुस्त झालेले अथवा दुसरे एंजिन पुन्हा जागी बसवावे, ही रीतच पडून गेली होती.

खुद्द कारखानदारांनीही हाच मार्ग धरला. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली अँबेसडर १९५८ च्या सुमारास बाजारात आली, तेव्हा तिच्यात १४७६ घनसेंटिमीटरचे जुन्या घडणीचे, बाजूला झडपा असलेले एंजिन होते. १९५९ मध्ये त्याच्या जागी १४८९ घनसेंटिमीटरचे, वर झडपा असलेले ५५ अश्वशक्तीचे एंजिन आले. आकारात फरक नाममात्र. पण झडपांची जागा बदलल्याने हवा आणि इंधन यांचे मिश्रण सिलिंडरात अधिक मोकळेपणे शिरू लागले आणि गाडीला दम आला. बाहेरचा सांगाडा मात्र तोच राहिला.

पुढे १९८४ मध्ये याच कंपनीची काँटेसा विक्रीस आली. विलायती व्हॉक्सहॉल गाडीच्या साच्यावर घडवलेला तो देह रुंद आणि वजनदार होता. परंतु आत एंजिन होते तेच अँबेसडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे. मोठ्या रथाला तट्टू जुंपावे तसा हा प्रकार झाला. गाडी दिसे ऐटबाज, पण चढ आला की तिची दमछाक होई.

यावर उपाय निघाला तो इंदूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे. १९८०च्या दशकात तेथे नवी औद्योगिक वसाहत उभी राहत होती. हिंदुस्थान मोटर्सने जपानच्या इसुझू कंपनीच्या सहकार्याने तेथे एंजिने आणि गिअरपेट्या यांचा कारखाना काढला. तेथील १८१७ घनसेंटिमीटरचे एंजिन काँटेसात बसले आणि तिची प्रकृती पालटली. १९९०च्या दशकाच्या आरंभी तेच एंजिन सुमारे ७५ अश्वशक्तीने अँबेसडरमध्येही आले; सोबत पाच गतींची गिअरपेटी आली आणि गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावरून खाली जमिनीवर उतरला. माळव्यात घडलेल्या हृदयाने बंगालात बांधलेला वृद्ध देह पुन्हा धावू लागला.

कारखान्याचे पाहून हौशी लोकही मागे राहिले नाहीत. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० चे एंजिन अवघे ७९६ घनसेंटिमीटरचे. पुढे त्याच कंपनीच्या एस्टीम गाडीतील १२९८ घनसेंटिमीटरचे एंजिन या चिमुकल्या गाडीत बसवण्याची हौस देशभरच्या गॅरेजांतून आणि घरांच्या आवारांतून फोफावली.

हे काम वरवर सोपे दिसते. त्यातील धोका पुढे जाणवतो. एंजिन मोठे झाले की पुढचे वजन वाढते आणि स्प्रिंगा दबतात. उष्णता वाढते आणि जुना रेडिएटर अपुरा पडतो. जोर वाढतो आणि क्लच, गिअरपेटी, चाकांकडे शक्ती नेणारे दांडे यांच्यावर ताण येतो. सर्वांत महत्त्वाचा तो ब्रेक. गाडीची गती ६० वरून ९० किलोमीटर झाली, म्हणजे दीडपट झाली, तर तिच्या अंगची गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते. ती सारी ब्रेकांना जिरवावी लागते. इंदूर-खंडवा मार्गावरील भेरूघाट चढताना मोठ्या एंजिनाचे कौतुक वाटेल. तोच घाट उतरताना मागे बसलेल्या मुलाबाळांचे प्राण ब्रेकांच्याच हवाली असतात.

कायद्यानेही हे ओळखले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे, की नोंदणीपत्रकातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका उचलून धरली. हौशी माणसाला हे जाचक वाटते. परंतु रस्ता एकट्याचा नसतो.

अँबेसडरची कथा २०१४ च्या मे महिन्यात संपली. उत्तरपाड्याचा कारखाना थांबला आणि अनेक कामगारांच्या हातचे काम गेले. एंजिने बदलली, इंधन बदलले. पण चौकट, आसने, सुकाणू यांच्यात काळानुरूप पुरता बदल झाला नाही, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळले. पीथमपूरने मात्र पुढचा टप्पा गाठला. २०२१ मध्ये तेथे वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगाचा वर्तुळमार्ग खुला झाला. तेथे एंजिनाबरोबर ब्रेक, चाके आणि चौकट यांचीही परीक्षा घेतली जाते. अंगणातील झाडाखाली कप्पी बांधणाऱ्या मिस्तरीलाही हे मर्म ठाऊक असतेच. नवे एंजिन बसवून झाल्यावर जो शहाणा मिस्तरी मालकाच्या हाती किल्ली देण्याआधी ब्रेक तपासतो, त्याच्याच गाडीत निर्धास्त बसावे.