मामी, रिमांड होम आणि २,२५० रुपये

माझे वडील मामाकडे वाढले. ७२च्या दुष्काळात आजी गेली, आजोबा मुंबईला गिरणीत गेले ते परत आलेच नाहीत. मागे वडील आणि धाकटी आत्या. गावातल्या एका जाणत्या माणसाने सल्ला दिला, "पोरांना रिमांड होमला घाला, निदान दोन वेळचं पोटाला तरी मिळेल." मामीने ऐकलं नाही. मामा-मामी दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडत होते, स्वतःची चार लेकरं होती. तिथे मिळणारी सुकडी सहा जणांत वाटली जायची.

आमच्याकडे ही गोष्ट मामीच्या मोठेपणाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण अलीकडे मला त्या जाणत्याचं वाक्य जास्त छळतं. कारण तो काही चुकीचं बोलत नव्हता. संस्थेत घातलं असतं तर पोरांच्या जेवणाचा खर्च निघाला असता. मामीकडे ठेवलं तर एक दमडी नाही.

हे असं का झालं असावं?

आधी एक कबूल करू. आपल्याकडे अनाथालयं उगाच निघाली नाहीत. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते नात्यागोत्यातल्यांनीच विधवांना आणि त्यांच्या पोरांना वाऱ्यावर सोडलं होतं म्हणून. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका विधवेचा मुलगा. १८७५ मध्ये पंढरपूरला प्रार्थना समाजाने बालकाश्रम काढला, त्याचं कारणही तेच. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, तेव्हा त्यातल्या कित्येकींचं मागे कोणी उरलंच नव्हतं. त्यामुळे "आपली कुटुंबव्यवस्था किती महान" असा गळा काढणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

पण त्याच सुमाराला साताऱ्यात भीमाबाई सकपाळ वारल्या. धाकटा भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचा. त्याला सांभाळलं आत्याने, मीराबाईंनी. पुढे तो मुलगा डॉ. आंबेडकर झाला म्हणून मीराबाईंचं नाव चरित्रांत तरी आलं. बाकी हजारो आत्या, मावश्या, आज्या कुठल्याच रजिस्टरात नाहीत. संस्थेला पाटी असते, हजेरीपट असतो, देणगीदार असतात. आजीला यातलं काही नसतं, आणि सरकारला पाटी असलेलंच घर दिसतं.

१९२४चा मुंबई मुलांचा कायदा आला, मग १९४८चा. मूल नातेवाइकाच्या हवाली करता येईल, हे कायद्याला अमान्य नव्हतं. पण सरकारी खर्चाची घडी बसली ती संस्थांभोवती. म्हणजे ज्याला कोणीच नाही अशा मुलासाठी उभी केलेली व्यवस्था, ज्याला आजी आहे पण आजीकडे पैसे नाहीत, त्यालाही लावली. गरिबीवरचा इलाज म्हणून मूल घरापासून तोडायचं! संस्थेतल्या कित्येक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, सणाला भेटायला येतात. त्या मुलाला 'अनाथ' कसं म्हणायचं?

महाराष्ट्राने २००५ मध्ये बालसंगोपन योजना आणली. मूल घरातच राहील आणि सरकार त्याच्या सांभाळाला हातभार लावेल, असा हा विचार, आणि तो चांगला होता. रक्कम मात्र बरीच वर्षं महिना ४२५ रुपये होती. २०१५च्या बाल न्याय कायद्यात संस्था हा शेवटचा पर्याय, हे तत्त्व स्पष्ट लिहिलं गेलं. तरी रक्कम हलली ती करोनात एवढी मुलं पोरकी झाल्यावर. आधी १,१०० झाली, २०२३ मध्ये २,२५०. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये याच कामाला महिना ४,००० आहेत. दोन योजना, दोन आकडे. भूक बहुतेक सारखीच असावी.

कोणी म्हणेल, पैसे दिले की नातेवाईक पैशासाठीच मुलं ठेवतील. ठेवतीलही काही. पोरक्या पुतण्याची जमीन लाटणारे काका आपण सगळ्यांनी पाहिलेत. मावशीकडे "शिकायला" राहून धुणीभांडी करणाऱ्या मुलीही पाहिल्यात. म्हणून गृहभेट हवी, मुलाशी एकट्याने बोलणारं कोणीतरी हवं. पण संस्थांतही वाईट प्रकार घडले, तेव्हा कोणी सगळ्या संस्थांचं अनुदान बंद करा म्हटलं नाही. मग संशय फक्त आजीवरच का?

२०२१ मध्ये आमच्या आळीतल्या एका आजींबरोबर मी हा अर्ज भरायला गेलो होतो. मुलगा-सून दोघंही करोनात गेलेले, दोन नातवंडं पदरात. मृत्यूचे दाखले, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाइड, बँकेचं पासबुक. आणि घरासमोर उभं राहून मुलांसोबत काढलेला फोटो. आजींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. मी म्हटलं, "आजी, गरीब दिसायला हवं." त्या म्हणाल्या, "पोरं माझी हायेत, भिकाऱ्यावानी कशाला उभी राहू?"

पहिला हप्ता आठ महिन्यांनी आला, तोवर किराणा उधारीवर. आता नूतनीकरणासाठी पुन्हा कागद गोळा करायचेत, पुन्हा फोटो काढायचाय. नातू आता त्यांच्या डोक्याच्या वर गेलाय.