शेतकऱ्याचा प्रश्न आणि यंत्राचें उत्तर

शेतीचें नवें ज्ञान लहान शेतकऱ्यापर्यंत पोहोंचविण्याचे जे प्रयत्न स्वतंत्र भारतांत झाले, त्यांचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रथम रेडिओ आला, मग दूरचित्रवाणी, मग संगणक आणि शेवटीं खिशांतला मोबाइल. ही मांडणी सोयीची खरी. पण यंत्र बदललें कीं शेती बदलते, असा एक भ्रम तिच्यांत दडलेला आहे. प्रत्यक्ष अनुभव निराळेंच सांगतो.

१९५६ सालीं आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें तत्कालीन मुंबई राज्याच्या पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० खेड्यांत श्रोतृमंडळें स्थापन केलीं. मूळ कल्पना कॅनडांतील. तेथें अशीं मंडळें १९४१ पासून चाललीं होतीं. आठवड्यांतून दोन वेळां गांवची मंडळी एकत्र बसे, कार्यक्रम ऐके, त्यावर वाद करी आणि उरलेल्या शंका पुण्यास लिहून पाठवी. त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांत मिळत. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनीं या प्रयोगाची पाहणी केली. मंडळें असलेल्या खेड्यांत लोकांच्या माहितींत ठळक वाढ झाली होती. जेथें रेडिओ होता पण मंडळ नव्हतें, तेथें ती नांवापुरतीच. यंत्र दोन्हीकडे तेंच. फरक पडला तो एकत्र बसून बोलण्यामुळें.

पुढें १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर उपग्रहाच्या द्वारें सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोंचली. पराक्रम मोठा, पण पडदा खेड्याशीं बोलत होता, खेड्यास मात्र पडद्याशीं बोलतां येत नव्हतें. २००४ च्या जानेवारींत किसान कॉल सेंटर सुरू झालें आणि ही उणीव कांहींशी भरून निघाली. शेतकऱ्यास आपल्या भाषेंत प्रश्न विचारतां येऊं लागला. तथापि उत्तर देणाऱ्यानें त्याचें शेत पाहिलेलें नसे.

बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेंत २००६ सालीं निघालेल्या ‘डिजिटल ग्रीन’ या उपक्रमानें पुण्याचेंच सूत्र नव्या साधनानें पुढें नेलें. आसपासच्याच शेतकऱ्यांचीं छोटीं चलच्चित्रें घ्यावयाचीं, तीं गांवांत दाखवावयाचीं, आणि दाखवितांना गांवांतीलच एका माणसानें तीं थांबवून चर्चा घडवावयाची, अशी त्याची रीत. पारंपरिक कृषिविस्तार पद्धतीच्या तुलनेंत कांहीं नव्या रीतींचा स्वीकार यामुळें सातपट झाला, असें १९०० चें शतक मागें पडल्यावर, २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत नमूद आहे. विशेष हें कीं, पाहणाऱ्यांची पहिली पृच्छा पिकाविषयीं नसे; पडद्यावरील शेतकऱ्याचें नांव काय आणि गांव कोणतें, अशी ती असे.

ही पृच्छा भाबडी नव्हे. ज्याच्यापाशीं एक-दोन एकरच जमीन आहे, त्याचा एक हंगाम फसला तर वर्ष बुडतें. म्हणून आपल्यासारख्याच माणसाला जें साधलें त्यावरच तो विश्वास टाकतो. त्यांतही जमिनीचा कस टिकविणाऱ्या शेतीची अडचण विशेष आहे. संकरित बियाणें आणि रासायनिक खतें यांच्यामागें दुकानदार उभा असतो. त्याचा नफा हाच त्यांचा प्रचारक. शेतांतला पालापाचोळा जमिनीवर आच्छादावा, दोन पिकें मिसळून घ्यावीं, बांधावर पाणी अडवावें, यांत विकण्याजोगें असें थोडेंच. ज्या ज्ञानास विक्रेता नाहीं, त्यास शेजारी तरी हवाच.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेचे सल्लागार मोबाइलवर भारतीय भाषांतून उत्तरें देऊं लागले आहेत. त्यांची कसोटी उत्तराच्या वेगावर लागावयाची नाहीं. शेतकऱ्याची शंका त्यांच्यापर्यंत जशीच्या तशी पोहोंचते काय, आणि मिळालेलें उत्तर तो चार माणसांत पारखून घेऊं शकतो काय, हेच खरे प्रश्न होत. पुण्याच्या श्रोतृमंडळांनीं ते १९५६ सालींच सोडवून दाखविले होते, आणि तेंहि पोस्टाच्या पत्रांनीं.