‘तांदूल’ की ‘तांदूळ’? संगणकाला बोली शिकवण्याचा इतिहास

कर्जत-खालापूरचा एखादा आगरी शेतकरी सहज विचारतो, “तांदलाला काय भाव हाय?” आपण लगेच उत्तर देतो. संगणकाला मात्र हा प्रश्न कळावा म्हणून कित्येक दशके खर्ची पडली. मित्रहो, आजचा धागा त्या खटपटीविषयी.

ही बोली कागदावर फार पूर्वीच आली होती. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कुलाबा जिल्ह्याच्या आगरीचे आणि कातकरीचेही नमुने आहेत. पण सर्वेक्षणाचा ठरलेला नमुना म्हणजे बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर. माणूस आपणहून काय विचारतो, कुठे अडखळतो, हे त्यात कसे सापडणार?

संगणकाचेही आरंभी तेच झाले. १९७६ साली अमेरिकेत राज रेड्डी यांच्या गटाचे ‘हार्पी’ १०११ शब्द ओळखू लागले, परंतु वाक्ये ठरावीक साच्यातलीच हवीत! पुढे १९९० च्या सुमारास विमानप्रवासाच्या चौकशीचा ‘एटिस’ प्रकल्प आला. माणसे संगणकाशी बोलत आहोत असे समजून बोलत. पडद्याआड उत्तरे जुळवीत माणसेच. या गोड फसवणुकीतून उत्स्फूर्त प्रश्नांचा साठा हाती आला. त्यात ‘अं’ होते, अर्धवट सोडलेली वाक्ये होती, बोलता बोलता बदललेले बेत होते.

मराठीची पाळी २०१० च्या सुमारास आली. आयआयटी मद्रासच्या नेतृत्वाखाली सहा भारतीय भाषांत शेतमालाचे भाव फोनवर सांगणारी यंत्रणा उभी राहू लागली. मराठीचे काम आयआयटी मुंबई आणि टीआयएफआर यांच्याकडे होते. (टीआयएफआर मुंबईच्या कुलाब्यात, आणि कर्जत-खालापूरच्या जिल्ह्याचे नावही १९८१ पर्यंत कुलाबाच. निव्वळ योगायोग.)

प्रयोगशाळेतला स्वच्छ उच्चार येथे निरुपयोगी होता. राज्यभरच्या हजाराहून अधिक शेतकऱ्यांचे आवाज फोनवर नोंदवले गेले. मागे गाडीचा भोंगा वाजला, कोणी खोकले, शेजारी गलका झाला, तर लेखनिकाने तीही खूण करायची. आणि उच्चारांचे काय? आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’. ‘तांदूळ’ एवढेच शिकलेले यंत्र ‘तांदूल’ ऐकून चुकण्याचा संभव मोठा. म्हणून शब्दकोशात एका शब्दापुढे अनेक उच्चार द्यावे लागतात. प्रमाणभाषेचा आग्रह धरणाऱ्यांनी हे पान जरूर पाहावे.

तरीही मोकळा प्रश्न यंत्राला पेलणारा नव्हताच. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक निर्णय येथे झाला : प्रश्न यंत्राने विचारायचे. आधी मालाचे नाव, मग जिल्हा, मग बाजार. शेतकऱ्याने एकेका शब्दात उत्तर द्यायचे, आणि ऐकण्याविषयी शंका असली तर यंत्राने पुन्हा विचारायचे, तुम्ही तांदूळच म्हणालात ना?