प्रतीक्षा यादीची जन्मकथा

रेल्वेची प्रतीक्षा यादी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तिकीट काढताना आपला क्रमांक चाळीस असला, तर प्रवासाच्या दिवसापर्यंत तो तीस होईल, दहा होईल, दैव अनुकूल असल्यास जागा पक्कीही होईल. यादी जागच्या जागी खिळून राहिली असे घडेल. परंतु आपल्यामागून आलेला मनुष्य त्याच यादीत आपल्यापुढे जाऊन बसला, असे सहसा घडत नाही. जो आधी आला त्याचा हक्क आधी, हा रांगेचा धर्म आपल्या अंगवळणी पडलेला आहे.

इंग्लंडमध्ये दरवर्षी मार्च महिन्यात हजारो आईबाप एका निराळ्याच प्रतीक्षा यादीवर नजर लावून बसतात. आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हव्या त्या माध्यमिक शाळेत जागा मिळेल की नाही, ही त्यांची चिंता असते. या यादीत मार्चमध्ये सातवा असलेला क्रमांक मे महिन्यात अकरावा होऊ शकतो. आणि तसे झाले तरी कोणी लबाडी केलेली असते असे नाही. प्रतीक्षेला क्रमांकाचा आधार न देणारी ही विलक्षण यादी कशी जन्माला आली, हे पाहावयाचे असेल, तर श्रोतेहो, आपणांस शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये माध्यमिक शिक्षण ही मुख्यतः फी भरू शकणाऱ्यांची वस्तू होती. १९०७ साली सरकारने नवे नियम केले आणि अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांवर अट घातली, की त्यांनी सामान्यतः एकचतुर्थांश जागा प्राथमिक शाळांतून येणाऱ्या मुलांना विनामूल्य द्याव्यात. जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, तेव्हा परीक्षा आली. १९२६ साली हॅडो समितीने प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाची सीमारेषा अकराव्या वर्षावर आखावी अशी शिफारस केली. पुढे महायुद्ध चालू असतानाच शिक्षणमंत्री बटलर यांनी १९४४ चा प्रसिद्ध कायदा संमत करून घेतला आणि सरकारी व्यवस्थेतील माध्यमिक शिक्षण सर्वांसाठी विनामूल्य झाले.

शिक्षण सर्वांना मिळाले, पण सर्वांना सारखे मिळाले नाही. अकराव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या ‘इलेव्हन प्लस’ परीक्षेवरून मुलांची वाटणी होई. थोडी मुले ग्रामर स्कुलात जात, बहुसंख्य मॉडर्न स्कुलात जात, आणि जेथे तांत्रिक शाळा होत्या तेथे काहींची तिकडे रवानगी होई. ग्रामर स्कुलातील जागांचे प्रमाण जिल्ह्याजिल्ह्यांत भिन्न असे. त्यामुळे एका गावी उत्तीर्ण ठरावा असा मुलगा शेजारच्या जिल्ह्यात अनुत्तीर्ण ठरे. मुलींसाठी जागा कमी असतील, तर त्यांना मुलांपेक्षा अधिक गुण मिळवावे लागत. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय संशोधनाने असा निष्कर्ष काढला, की परीक्षा कितीही काळजीपूर्वक घेतली तरी सुमारे दहा टक्के मुलांची वाटणी चुकीची होते.

त्या काळीही घरोघर प्रतीक्षा होतीच. टपालवाल्याने आणलेले पाकीट फोडताना आईचा हात थरथरे. सीमारेषेवर गुण मिळालेल्या मुलांचे कागद पुन्हा तपासले जात, मुख्याध्यापकांचे अभिप्राय मागविले जात, क्वचित मुलाखतही होई. परंतु ही प्रतीक्षा निकालाची होती. शासनाने मूल तोलावयाचे आणि आईबापांनी तो निवाडा स्वीकारावयाचा. मुलांना शक्यतो पालकांच्या इच्छेनुसार शिक्षण मिळावे असे १९४४ च्या कायद्यातील शहात्तरावे कलम सांगत असे खरे. पण त्याला योग्य शिक्षणाच्या आणि वाजवी खर्चाच्या मर्यादा जोडलेल्या होत्या, आणि व्यवहारात त्या कलमाचा आधार फारसा कोणाला मिळाला नाही.

१९६५ साली मजूर पक्षाचे शिक्षणमंत्री अँथनी क्रॉसलंड यांनी परिपत्रक काढून ही वाटणी बंद करण्याची व सर्व मुलांना एकाच प्रकारच्या सर्वसमावेशक शाळांत घालण्याची योजना आखण्यास स्थानिक शिक्षणमंडळांना सांगितले. ग्रामर स्कुले पुरती नाहीशी झाली नाहीत. केंट, बकिंगहॅमशर यांसारख्या परगण्यांत ती आजही आहेत. परंतु देशाच्या बहुतेक भागांत परीक्षा मागे पडली आणि तिच्या जागी पत्ता आला. अमुक रस्त्यावर घर असेल तर अमुक शाळा, असा सरळ हिशेब झाला. पूर्वी मुलाच्या बुद्धीवर शिक्का बसे, आता घराच्या दारावरील क्रमांकाला महत्त्व आले.

या व्यवस्थेविरुद्धच्या असंतोषातून १९८० चा कायदा झाला. त्याने आईबापांना शाळेविषयी पसंती व्यक्त करण्याचा अधिकार दिला, प्रवेशाचे नियम प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आणि नकार मिळाल्यास अपिलाची सोय केली. १९८८ च्या कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. शाळेत जागा असेतोवर तिने मुले घेतलीच पाहिजेत, कृत्रिम मर्यादा घालून लोकांना दुसऱ्या शाळेकडे वळवावयाचे नाही, असे ठरले. १९८९ साली लंडनमधील ग्रिनिच विभागाच्या खटल्यात न्यायालयाने निर्णय दिला, की केवळ आपल्या हद्दीबाहेर राहतात म्हणून कोणत्याही शिक्षणमंडळाला मुलांना मागे सारता येणार नाही.

आजची प्रतीक्षा यादी येथे रुजली. निवड करण्याचा हक्क जेव्हा सर्वांना मिळतो, तेव्हा चांगल्या मानल्या गेलेल्या शाळेच्या दाराशी गर्दी होणे अपरिहार्य असते. शाळेच्या भिंती मात्र हक्काबरोबर रुंद होत नाहीत. एकशेऐंशी जागांसाठी पाचशे अर्ज आले, म्हणजे पालकाने शाळा निवडावी हे तत्त्व उलटते आणि शाळाच मुले निवडू लागते. तसे झालेही. काही शाळा मुलांच्या व पालकांच्या मुलाखती घेत. काही शाळा आम्हांला पहिली पसंती देणाऱ्यांचाच आधी विचार करू म्हणत. मग पहिली पसंती वाया गेली तर दुसरीही हातची जाणार, अशा भीतीने आईबाप मनातील शाळा लिहीतच नसत. अर्ज वेगवेगळ्या शाळांकडे व मंडळांकडे स्वतंत्रपणे जात असल्यामुळे एखाद्या चतुर कुटुंबाच्या हाती तीन-तीन शाळांची पत्रे असत, आणि शेजारच्या घरी एकही पत्र आलेले नसे. पहिल्या कुटुंबाने निर्णय घेईपर्यंत दुसऱ्याने वाट पाहावयाची! या वाट पाहण्याला ना मुदत होती ना नियम. ज्याला मुख्याध्यापकांकडे वारंवार जाता येई, पत्रे लिहिता येत, ओळखी काढता येत, त्याचे फावे.

ही मनमानी मोडण्यास सुमारे दहा वर्षे लागली. १९९८ च्या कायद्याने प्रवेशाची संहिता आणि तंट्यांचा निवाडा करणारा स्वतंत्र अधिकारी अस्तित्वात आणला. २००२ च्या कायद्यानुसार आखलेली एकत्रित पद्धती २००५ च्या माध्यमिक प्रवेशांपासून देशभर सुरू झाली. प्रत्येक कुटुंबाने राहत्या ठिकाणच्या मंडळाकडे एकच अर्ज करावयाचा, त्यात शाळा पसंतीक्रमाने लिहावयाच्या, आणि प्रत्येक मुलाला त्या दिवशी एकच जागा देऊ करावयाची, असा तिचा गाभा आहे. २००७ च्या संहितेने प्रवेशासाठी मुलाखती आणि पहिल्या पसंतीला झुकते माप देण्याची प्रथा या दोहोंनाही मनाई केली. पालकाने शाळा कितव्या क्रमांकावर लिहिली हे आता शाळेने विचारात घ्यावयाचे नसते. ती आपल्या प्रसिद्ध नियमांनुसार मुलांचा क्रम लावते, आणि ज्या शाळांत मूल बसते त्यांपैकी पालकाच्या यादीतील सर्वांत वरची शाळा त्याला मिळते.

आता अर्जाची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर आणि जागा कळविण्याचा दिवस १ मार्च, किंवा त्या दिवशी सुट्टी असल्यास पुढचा कामाचा दिवस. दरवर्षी सहा लाखांच्या आसपास मुलांचे भवितव्य त्या एका दिवशी घरोघर कळते. अलीकडच्या वर्षांत सुमारे ८३ टक्के मुलांना पहिल्या पसंतीची शाळा मिळत आली आहे. लंडनमध्ये हे प्रमाण बरेच कमी असते. उरलेल्यांची प्रतीक्षा त्या दिवसापासून सुरू होते.

ही यादी हलते कशी? एखादे कुटुंब खाजगी शाळेचा मार्ग धरते, एखादे गाव सोडते. त्यांची जागा रिकामी होते आणि यादीतील पहिल्या मुलाला बोलावणे जाते. ते मूल आपली आधीची जागा सोडते, आणि ती तिसऱ्याला मिळते. एका घरातील निर्णयाने चार शाळांच्या याद्या हलतात. मार्चच्या मध्यापासून उत्तरे येऊ लागतात, आणि सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्यावर न आलेल्या मुलांच्या जागा पुन्हा मोकळ्या होतात. यादी निदान ३१ डिसेंबरपर्यंत ठेवण्याचे बंधन शाळांवर आहे. मिळालेली जागा स्वीकारली म्हणून हव्या असलेल्या शाळेच्या यादीतील क्रम बिघडत नाही. पण पुष्कळ पालकांना हे ठाऊक नसते, आणि मानापायी हातची जागा नाकारण्याची चूक काहींच्या हातून होते.

आता त्या विलक्षण नियमाकडे वळू. संहिता सांगते, की यादीत नवे नाव आले की सर्व नावांचा क्रम शाळेच्या प्रसिद्ध निकषांप्रमाणे नव्याने लावावा, आणि नाव केव्हा नोंदले यावरून कोणालाही अग्रहक्क देऊ नये. सर्वांत वर असतात ती आईबापांचे छत्र न लाभल्याने शासनाच्या सांभाळात असलेली वा पूर्वी असलेली मुले. मग अनेक शाळांत भावंडे, आणि पुढे घराचे अंतर. म्हणून मे महिन्यात शाळेच्या जवळ राहावयास आलेले मूल दोन महिने तिष्ठत असलेल्या मुलाच्या पुढे जाते. तिष्ठणाऱ्याला हा अन्याय वाटतो, आणि तसे वाटण्यात नवल नाही. परंतु उलट बाजू पाहावी. तारखेला मान दिला असता तर कोणाचे नुकसान झाले असते? नोकरीपायी गाव बदलावे लागलेल्यांचे, परदेशातून आश्रयाला आलेल्यांचे, घरातील छळाला कंटाळून मुलांसह बाहेर पडलेल्या आईचे. ज्यांना लवकर नाव नोंदविता येते ते बहुधा स्थिर आणि जाणते लोक असतात. रांगेचा धर्म आपणांस निःपक्षपाती वाटतो खरा, परंतु रांगेत लवकर येऊन उभे राहण्याची सवड सर्वांना सारखी नसते.

यादीखेरीज दुसरा मार्ग अपिलाचा. तीन किंवा अधिक सदस्यांचे स्वतंत्र मंडळ दोन्ही बाजू ऐकते. आणखी एक मूल घेतल्याने आमची अडचण होईल हे शाळेने आधी दाखवावयाचे. ते दाखविले गेल्यास, मुलाची निकड त्या अडचणीहून मोठी आहे हे पालकाने पटवून द्यावयाचे. सुनावणी झालेल्या माध्यमिक शाळांच्या अपिलांपैकी साधारण पाचांतील एक यशस्वी होते. हे प्रमाण लहान खरे, पण ज्याला ऐकून घेतले गेले त्याच्या मनातील सल काहीसा कमी होतो.

या व्यवस्थेत दोष नाहीत असे मुळीच नाही. अंतर हा निकष वरवर निरुपद्रवी दिसतो, पण नावाजलेल्या शाळेभोवतालची घरे महाग होतात आणि पैसा मागच्या दाराने आत येतो. यावर तोड म्हणून ब्राइटन शहराने २००८ च्या प्रवेशांसाठी ठराविक विभागांत, अर्ज जास्त झाल्यास, सोडत काढण्याची पद्धत स्वीकारली, तेव्हा मोठे वादळ उठले होते. मुलाचे भवितव्य चिठ्ठीवर सोपवावयाचे काय, असा आक्षेप होता.

आपल्या श्रोत्यांना हा आक्षेप परका वाटणार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आपल्या देशातील विनाअनुदानित खाजगी शाळांत दुर्बल व वंचित गटांतील मुलांसाठी आरंभीच्या वर्गातील निदान २५ टक्के जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्रात अर्ज अधिक झाले की सोडत निघते आणि निवड यादीबरोबर प्रतीक्षा यादीही लागते. वय निराळे, इयत्ता निराळी. पण भ्रमणध्वनीवरील संदेशाकडे डोळे लावून बसलेल्या पुण्याच्या आईची अवस्था लंडनमधील आईहून फार वेगळी नसावी. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि इंग्लंडमधील मराठी घरांतही १ मार्चची ही घालमेल चालते.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. प्रतीक्षेचे दुःख कोणत्याही कायद्याला नाहीसे करता आलेले नाही. जोवर सर्व शाळा लोकांच्या मनात सारख्या भरत नाहीत, तोवर काही मुले दाराबाहेर राहणारच. कायद्याने केले ते इतकेच, की बाहेर का राहिलो या प्रश्नाचे उत्तर मागण्याचा अधिकार आईबापांना दिला. १९५० साली पाकिटातील निकालाबरोबर त्याची कारणे येत नसत. आज आपला क्रमांक किती, तो कोणत्या निकषाने लागला, आणि खाली का गेला, हे विचारता येते आणि सांगावे लागते.

एवढे झाले तरी एक गोष्ट कायद्याच्या हातची नाही. घरातील मोठी माणसे यादीविषयी दबक्या आवाजात बोलत असतात, तेव्हा शेजारच्या खोलीतील मूल सर्व ऐकत असते. जी शाळा आज आपल्याला नकोशी वाटते, तीच कदाचित सप्टेंबरात त्याची शाळा होणार असते. प्रतीक्षा करावी, अपीलही जरूर करावे. परंतु त्या शाळेविषयी घरात चार बरे शब्द बोलून ठेवणे, हे ३१ डिसेंबरची वाट न पाहता कोणालाही करता येण्यासारखे आहे.