रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञ आणि रुग्णाची भाषा

रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डॉक्टर, परिचारिका आणि औषधे येतात. त्याच इमारतीत एखाद्या लहान खोलीत बसून रुग्णाशी तासभर बोलणारा, त्याच्यापुढे ठोकळे वा चित्रे मांडणारा आणि त्याची उत्तरे टिपून घेणारा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ मात्र सहसा आठवत नाही. मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांतील भेदही अनेक सुशिक्षित घरांत नीटसा ठाऊक नसतो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यक शिकलेला डॉक्टर असतो आणि तो औषध देतो. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. तो बुद्धी, स्मृती, लक्ष, भावना यांची पद्धतशीर परीक्षा करतो आणि बोलण्यातून उपचार करतो. त्याची साधने शब्दांची आहेत. म्हणूनच भारतातील त्याच्या कार्याचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात भाषेचा इतिहास आहे, आणि महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना तो जवळचा वाटावा असा आहे.

या शाखेचा आरंभ सामान्यतः 1896 पासून मोजतात. त्या वर्षी अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात लाइटनर विटमर यांनी पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात 1916 मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि 1922 मध्ये डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. 1933 मध्ये कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग उघडण्यात आला. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने 1937 मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले आणि पुढच्याच वर्षी जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसानी यांनी मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग उघडला. वेड्यांच्या इस्पितळाच्या उंच भिंतींबाहेर, सर्वसाधारण रुग्णांच्या वर्दळीत मनाच्या आजाराला जागा मिळण्याची ही सुरुवात होती.

याच दशकात, महानगरांपासून दूर, एक असे काम उभे राहिले की ज्याचे महत्त्व आपल्या सीमाभागातील वाचकांना विशेष वाटेल. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये, शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना साहाय्य करता यावे म्हणून एक प्रश्नमालिका तयार केली होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लुईस टर्मन यांनी 1916 मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात काम करणारे व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी हाती घेतली आणि कानडी व मराठी अशा दोन्ही भाषांतील मुलांसाठी ती घडवली. त्यांच्या कामाचा वृत्तान्त 1934 मध्ये ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला. 1940 मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. ‘बिने-कामत चाचणी’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

या कामाची अवघडता भाषांतरापुरती नव्हती. टर्मन यांच्या मालिकेत तीन वर्षांच्या मुलाला आपले आडनाव सांगायचे असते, सहा वर्षांच्या मुलाला चार नाणी ओळखायची असतात, नऊ वर्षांच्या मुलाला यमक जुळवायचे असते. आता बेळगाव-धारवाडकडील एखाद्या घरातील मूल घ्या. घरात मराठी, ओसरीवर कानडी, शाळेत या दोहोंपैकी एक, आडनावाचा वापर घराघरांत वेगळा, नाणी आणे-पैशांची. अशा मुलापुढे अमेरिकेतील प्रश्न शब्दशः उलथून ठेवले तर त्याचे चुकणे हे बुद्धीचे चुकणे ठरत नाही. कोणता प्रश्न कोणत्या वयाची बहुसंख्य मुले सोडवतात हे त्या त्या भाषेतील मुलांना प्रत्यक्ष विचारूनच ठरवावे लागते. यालाच मानसशास्त्रात प्रमाणीकरण म्हणतात. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनाचा हा आरंभीचा मोठा प्रयत्न कानडी आणि मराठी यांच्या जोडीने झाला, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. ज्या दोन भाषांचा उल्लेख आज बहुधा वादाच्या संदर्भातच होतो, त्या भाषांची मुले एकाच मोजपट्टीच्या घडणीत शेजारी शेजारी बसली होती.

कामतांची चाचणी शाळेसाठी होती. ती रुग्णालयात पोचली ती स्वातंत्र्यानंतर. त्यामागे दुसऱ्या एका मराठी नावाचा संबंध येतो. नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली 1943 मध्ये आरोग्यविषयक समिती नेमली गेली आणि 1946 मध्ये तिचा अहवाल आला. त्यात मानसिक आरोग्याचे चित्र विदारक होते. सुमारे 40 कोटींच्या देशात मनोरुग्णालयांतील खाटा अवघ्या 10 हजारांच्या घरात होत्या. म्हणजे 40,000 लोकांमागे एक खाट, जेव्हा इंग्लंडात हे प्रमाण 300 लोकांमागे एक असे होते. नुसत्या खाटा वाढवून भागणार नाही, शिकवलेली माणसे हवीत, हे ओळखून समितीने प्रशिक्षणासाठी मध्यवर्ती संस्थेची शिफारस केली. त्यातून 1954 मध्ये बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेचे उद्घाटन झाले. म्हैसूर संस्थानच्या जुन्या मनोरुग्णालयाच्या आधाराने ती उभी राहिली आणि डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक झाले. 1955 मध्ये तेथे डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाबरोबरच मानसशास्त्राच्या पदवीधरांसाठीही वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका सुरू झाली. 1962 मध्ये रांचीच्या मनोरुग्णालयातही तशी सोय झाली. बंगळूरची संस्था 1974 मध्ये ‘निम्हान्स’ या नावाने नव्या रूपात आली.

या अभ्यासक्रमांमुळे रुग्णालयात मानसशास्त्रज्ञाचे काम आखले गेले. मतिमंदत्वाची शंका असलेल्या मुलाची परीक्षा, डोक्याला मार लागलेल्या वा पक्षाघात झालेल्या माणसाच्या स्मृतीची तपासणी, भीती, चिंता आणि नैराश्य यांवर बोलण्यातून उपचार, आणि घरच्यांचे मार्गदर्शन, ही त्याची मुख्य कामे ठरली. पुढे कायद्यानेही त्याला स्थान दिले. भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्यानंतर चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी होऊ लागली. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्यांची मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्पष्ट गणना केली. रुग्णाची निर्णयक्षमता पाहताना त्याला समजेल अशा सोप्या भाषेत माहिती दिली जावी, हे तत्त्वही त्याच कायद्यात आले आहे.

तथापि कायद्यातील वाक्य आणि रुग्णालयातील खोली यांत अंतर असते. बिने-कामत चाचणीचे मापदंड 1930 च्या दशकातील मुलांवरून ठरलेले; तरी नंतर कित्येक दशके देशभर, मराठी-कानडीशी संबंध नसलेल्या प्रांतांतही, ती वापरली जात राहिली. नागपुरात ए. जे. मालिन यांनी 1969 मध्ये वेक्सलर चाचणीचे भारतीय रूप सिद्ध केले आणि तेही सर्वत्र पसरले. साधने थोडी आणि रुग्ण अनेक, अशा स्थितीत हे अपरिहार्य होते. पण त्याची किंमत कोण देतो याचा विचार झाला पाहिजे. चाचणीच्या आकड्यावरून अपंगत्वाचा दाखला मिळतो, सवलत मिळते, आणि कधी मुलाच्या माथी ‘मंद’ असा शिक्काही बसतो. घरी मराठी बोलणारे पण शाळेत हिंदी, गुजराती वा तेलुगू शिकणारे मूल कोणत्या भाषेत तपासले गेले, हा प्रश्न अशा वेळी किरकोळ राहत नाही.

वार्धक्यातील विस्मृतीच्या बाबतीत तर भाषेचा प्रश्न आणखी खोल जातो, आणि येथे हैदराबादने जगाला एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. तेथील निझाम वैद्यकविज्ञान संस्थेत मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. त्यांपैकी 391 जण दोन वा अधिक भाषा बोलणारे होते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, एकभाषकांच्या तुलनेत या मंडळींत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली. हा फरक केवळ शिक्षणामुळे नव्हता, कारण निरक्षर रुग्णांतही तो आढळला. हैदराबादेत तेलुगू, दक्खिनी, हिंदी यांची सरमिसळ रोजच्या बाजारहाटात होते. परदेशी संशोधनात द्विभाषकता आणि स्थलांतर यांची जी गुंतागुंत होते ती येथे फारशी नव्हती. अशा एका अभ्यासाने कार्यकारण सिद्ध होत नाही हे खरे. पण दोन भाषांचे ओझे वाहणारी म्हणून ज्या पिढ्यांची कीव केली गेली, त्यांच्या मेंदूला ते ओझे कदाचित उपकारक ठरले असावे, हा विचार आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांकडे नव्या नजरेने पाहायला लावतो.

दुसरे उदाहरण गोव्याचे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खाजगी दवाखान्यांत नैराश्य व चिंता यांच्या रुग्णांसाठी स्थानिक समुपदेशकांना शिकवून नेमण्याचा प्रयोग झाला. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते आणि मानसशास्त्रज्ञही नव्हते. पण त्यांना तज्ज्ञांचे प्रशिक्षण आणि पाठबळ होते. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, सरकारी केंद्रांत अशी मदत मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे 66 टक्के सहा महिन्यांनी बरे झाले होते, तर नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण सुमारे 42 टक्के होते. खाजगी दवाखान्यांत मात्र असा लाभ दिसला नाही. आजाऱ्याच्या गावचा, त्याच्या बोलीचा माणूस योग्य शिक्षण घेऊन त्याच्याशी बोलू लागला तर किती साधते, याचा हा पुरावा आहे. अशा ठिकाणी मानसशास्त्रज्ञाचे महत्त्व कमी होत नाही. शिकवणारा आणि देखरेख करणारा म्हणून ते वाढते.

या इतिहासातून आमच्या मते एक व्यावहारिक कर्तव्य निघते. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, बेळगाव येथील आपली मराठी पुण्याच्या मराठीहून वेगळी आहे. तिच्यात हिंदीचे, गुजरातीचे, कानडीचे शब्द मुरले आहेत. पुण्यात प्रमाण ठरलेली मराठी चाचणीही आपल्या आजीला कदाचित परकी वाटेल आणि तिचे न समजणे विस्मृतीच्या खाती जमा होईल. तेव्हा घरातील कोणास अशा तपासणीसाठी नेताना, ही व्यक्ती घरात कोणती भाषा बोलते, हिशेब कोणत्या भाषेत करते, देवापुढे कोणत्या भाषेत पुटपुटते, हे मानसशास्त्रज्ञाला आपणहून सांगावे. चाचणी कोणत्या भाषेत घेतली याची नोंद अहवालात मागावी. दुभाषा लागलाच तर तो काळजीपोटी उत्तरे सुधारून सांगणारा मुलगा वा सून नसावा. आपल्या मंडळांतील तरुणांनी या शास्त्राकडे वळावे आणि दोन भाषांचे आपले धन तेथे कामी आणावे, असेही आम्हांला मनापासून वाटते. कामतांनी दोन भाषांच्या मुलांसाठी केलेले काम जुने झाले आहे. ते नव्याने करणारे हात सीमेवरच्या आणि दूरच्या मराठी घरांतूनच येणे स्वाभाविक ठरेल.